धुऊन आणू नका

दाविदभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडेगावच्या शाळेत सहावीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवत होते. वर्गात फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम, आणि नियमांच्या बाबतीत मी किती खडूस आहे ते पोरांना विचारा. पण मार्थावहिनींचं नाव तिसऱ्यांदा उमटलं तेव्हा मी खडू खाली ठेवला. भाऊंच्या बायकोनं आजवर मला आपणहून कधी फोन केला नव्हता. व्हरांड्यात येऊन फोन घेतला तर पलीकडून वहिनी नाही, त्यांची शेजारीण बोलत होती. केडगावात सकाळी गॅरेजचं शटर वर ढकलता ढकलता भाऊ खाली बसले ते बसलेच. शटर अर्धंच उघडलं होतं... हे तिनं दोनदा सांगितलं. त्याला आता सहा आठवडे झाले. मी अजून त्या गॅरेजवरून जाताना मान वळवत नाही.

दाविदभाऊ माझ्या नात्यातले नव्हते. एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात ते आयुष्यभर फिटर होते आणि निवृत्त झाल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका गाळ्यात त्यांनी गॅरेज काढलं. गाळ्यात एक जॅक, हत्यारांची फळी, भिंतीवर येशूचं कॅलेंडर आणि गिऱ्हाइकासाठी एकच स्टूल. रविवारी चर्च, बाकीचे दिवस गॅरेज. उंच, किडकिडीत, बोलायला कंजूष माणूस. शेजारी म्हणून आमची ओळख नमस्कारापुरतीच होती. ती वाढली माझ्या जीपच्या ब्रेकमुळे.

ही जीप माझ्या वडिलांची. माझ्याकडे आली तेव्हाच वीस वर्षांची झाली होती. रोज सकाळी मी केडगावहून घोडेगावला तिच्यातूनच जाते, आणि मागच्या सीटवर शाळेतल्या दोघी बाई असतात. नगर सोडलं, जेऊर मागं पडलं की इमामपूरचा घाट उतरायचा. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी घाटाच्या मधल्या वळणावर ब्रेक दाबला आणि पायाखाली पेडल धडधडायला लागलं. खालून कोणी तळपायाला ढुशा मारतंय असं वाटलं. घाटाखालचं पांढरीपूल येईपर्यंत मी दुसरा गिअर सोडला नाही. आणि तिथून पुढे घोडेगावापर्यंत काही नाही! संध्याकाळी काही नाही, दुसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी पुन्हा.

शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं चाकातली ब्रेकची डिस्क लेथवर घासून दिली. आठ दिवस बरे गेले. दुसऱ्यानं ब्रेक पॅड बदलले. पुन्हा आठ दिवस. तिसऱ्यानं जीप चालवून पाहिली, पाच-सहा वेळा कचकन ब्रेक मारले आणि हसून म्हणाला की मॅडम, वहीम आहे तुमचा, बायकांना घाटाची भीती वाटतेच. मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण घरी आल्यावर खरंच शंका यायला लागली. आपलाच पाय थरथरतो की काय? मागच्या दोघींपैकी एकीचं लेकरू दीड वर्षाचं होतं. त्यांना सांगावं तरी काय? माझ्या मनात काहीतरी आहे, तुम्ही उद्यापासून दुसऱ्या गाडीनं या? मी सांगितलं नाही. रोज घाटाच्या तोंडाशी मी स्टिअरिंग घट्ट धरायचे आणि त्या दोघी मागं भाजीच्या भावावर बोलत असायच्या. त्या गप्प राहण्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी एका शनिवारी जीप दाविदभाऊंकडे नेली. मी सुरुवात केली, 'डिस्क वाकडी असावी.' त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

'बाई, रोगाचं नाव नगा सांगू. पायाला काय हुतं ते सांगा.'

मग त्यांनी मला स्टुलावर बसवून असं काही विचारलं की मीच वर्गात उभी आहे असं वाटावं. धडधड पायालाच लागते की बुडालाही? स्टिअरिंग हलतं का? कोणत्या वळणावर, डाव्या की उजव्या? त्याआधी किती वेळ ब्रेकवर पाय होता? अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. मी म्हटलं, बाकीचे म्हणतात वहीम आहे. ते म्हणाले, 'तुमच्या पायाला लागतंय ना? मंग हाय.' एवढंच. गेले दोन महिने हे कोणी म्हणावं म्हणून मी तरसत होते. डोळ्यांत पाणी आलं ते मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचण्याच्या निमित्तानं लपवलं.

त्या दिवशी त्यांनी सपाट रस्त्यावर नुसता हँडब्रेक हळूहळू ओढून पाहिला. हँडब्रेक मागच्या चाकांनाच धरतो, म्हणून मागं काही असतं तर तिथं कळलं असतं. कळलं नाही. मागची चाकं शंकेतून सुटली, पुढची राहिली. पुढची दोन्ही उचलून हलवली, फिरवली, खडूनं खुणा केल्या. सगळं घट्ट. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. तिसऱ्या शनिवारी त्यांनी जीपकडे नुसतं पाहिलं, भोवती एक फेरी मारली आणि कधी नव्हे ते चिडले.

'बाई, तुमी गाडी धुऊन आनता का?'

आणत होते. शनिवारी शाळा लवकर सुटते. मी घरी यायचे, नळी लावून जीप धुवायचे, चाकांच्या आतसुद्धा ब्रश घालायचे आणि मग त्यांच्याकडे न्यायचे. मळकी गाडी दुसऱ्याच्या दारात उभी करायची म्हणजे आमच्या घरात मोठाच गुन्हा. मी हे अभिमानानं सांगितलं. भाऊंनी कपाळाला हात लावला. पुसून टाकल्यावर मी वाचू काय, असं काहीसं ते पुटपुटले आणि मग स्पष्ट म्हणाले, 'येत्या शनवारी शाळेतनं थेट हितं या. चिखल असू द्या, शेन असू द्या. धुऊन आनू नका.'

आठवडाभर मी जीपला पाण्याचा थेंब लावला नाही. शनिवारी भाऊ डाव्या पुढच्या चाकामागं उताणे झाले आणि बराच वेळ बाहेरच येईनात. मग त्यांनी मला खाली वाकायला लावलं. चाकाच्या आतल्या बाजूला मधोमध काळपट ओशट डाग पसरला होता, आणि त्यावर आठवड्याची धूळ चिकटली होती. बेअरिंगमधलं ग्रीस तापून बाहेर उडत होतं. दर आठवड्याला ते आपली खूण ठेवत होतं आणि दर शनिवारी मी ती ब्रशनं घासून काढत होते.

तरीही चाक हलवलं तर घट्टच. भाऊ म्हणाले की हे गार हाय तवर बोलायचं न्हाई, तापल्यावर धरलं पाहिजे. सोमवारी सकाळी ते माझ्या शेजारी येऊन बसले. त्या दिवशी मागच्या दोघींना मी पहिल्यांदा खरं सांगितलं आणि त्या बसनं गेल्या. एक जण जाताना म्हणाली, 'आधी सांगायचं ना गं.' तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं.

मला वाटलं होतं भाऊ चालवतील. त्यांनी मलाच चालवायला लावलं, रोजच्यासारखीच चालवा म्हणाले. बाजाराचा दिवस होता, पुढं म्हशी भरलेला टेम्पो आणि मागं ऊस रिकामा करून परतणारा ट्रक. घाट सुरू झाला. पहिलं वळण काही नाही, दुसरं काही नाही. मला उगाच वाटलं, आज येणारच नाही, हा माणूसही मला वेडी समजणार. तिसऱ्या वळणावर पेडल धडधडलं. 'आलं,' मी म्हटलं. त्यांचा हात दाराच्या कडेवर घट्ट धरलेला मला दिसला. पुढच्या वळणावर टेम्पोनं एकदम वेग कमी केला, मी ब्रेक दाबला आणि पेडल पोकळ खाली गेलं. अर्ध्याच्या खाली, आणखी खाली... पायाखाली काहीच नाही. टेम्पोच्या फाळक्यावरून एक म्हैस माझ्याकडे शांतपणे बघत होती आणि मोठी मोठी होत होती.

'पाय उचला,' भाऊ म्हणाले. 'परत दाबा. परत.'

त्यांचा आवाज जराही चढला नाही. मी पाय उचलला, दाबला, पुन्हा उचलला, पुन्हा दाबला. तिसऱ्या वेळी पेडल पायाला लागलं आणि जीप टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबली. ब्रेकवरचा पाय मी हातानं गुडघा दाबून तसाच धरून ठेवला. उरलेला घाट आम्ही पहिल्या गिअरमध्ये उतरलो. पांढरीपुलाला कडेला घेताच भाऊ जॅक घेऊन धावले, अक्षरशः धावले. त्या वयात ते असे पळताना मी त्याआधी पाहिले नव्हते. चाक उचलून वरून खालून धरून हलवलं आणि टक् असा आवाज मलाही ऐकू आला. बेअरिंग ज्या घरात बसतं तेच झिजलं होतं. गार असताना पक्कं, पण घाटात ब्रेक तापला की ते घर फुगायचं, आतलं बेअरिंग सैल व्हायचं आणि डिस्कसकट चाक डुलायचं. डुलणारी डिस्क पॅडना मागं ढकलायची, म्हणून पेडल पोकळ. भाऊंनी चाकावर हात ठेवला, भाजला म्हणून काढला आणि म्हणाले, 'बाई, आज ह्या चाकावर घरी जायाचं न्हाई.' जीप दुसऱ्या गाडीवर चढवून केडगावला आली. घर नवीन बसवलं. त्यानंतर आजपर्यंत तक्रार नाही.

एवढंच सांगायचं असतं तर हा लेख लिहायला मला सहा आठवडे लागले नसते.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी तेल बदलायला गेले होते. भाऊ चाक उचलून ठेवता ठेवता थांबले आणि जबडा चोळायला लागले. मी विचारलं तेव्हा म्हणाले की वजन उचललं, चढ चढला की छातीत दाबल्यागत हुतं, वर जबड्यापातुर येतं, थांबलं की जातं. मी काय म्हणावं? मी म्हटलं, 'गॅस असेल भाऊ. जेवण वेळेवर करत जा.' आणि वर त्यांना ओव्याचं पाणी प्यायला सांगितलं. कधी होतं, किती वेळ राहतं, कोणत्या हातात जातं, एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या पायावर ज्या माणसानं एका शब्दात विश्वास ठेवला, त्याच्या छातीवर मी ठेवला नाही.

ते डॉक्टरांकडे गेले होते. कसे गेले ते वहिनींनी मला भाऊ वारल्यावर सांगितलं. बरं दिसावं म्हणून दोन दिवस गॅरेज बंद ठेवून आराम केला. आंघोळ, दाढी, चर्चचा पांढरा इस्त्रीचा शर्ट. चालून दम नको म्हणून दवाखान्याच्या दारापर्यंत रिक्षा. तिथं तासभर बाकावर बसले आणि डॉक्टरांनी काय होतंय विचारल्यावर म्हणाले, आता काय न्हाई, बरं वाटतंय. कागदावर सगळं ठीक आलं. डॉक्टरांनी तरी काय वाचावं? तो कागद त्यांनी मला दाखवला होता. 'बगा बाई, पास,' म्हणाले होते. मी त्यांना पेढा मागितला होता... माझ्यावर चिडलेला तो माणूस स्वतः धुऊन पुसून, गार होऊन गेला होता आणि हे माझ्या लक्षात आलं नाही. भाऊ, मला तुमचा राग येतो. त्याहून जास्त माझा येतो.

गेल्या मंगळवारी मी शाळेतून परतताना वहिनींकडे डोकावले. त्या दोरीवर चादरी वाळत घालत होत्या. बोलता बोलता दोरी धरून उभ्या राहिल्या. काय होतंय विचारलं तर म्हणाल्या, हात वर केले की डोळ्यांपुढं अंधारी येते, चार-पाच दिस झाले, पन आता गेली. उद्या न्हाऊन, चांगलं लुगडं नेसून दावून येते. मी त्यांच्या हातातली चादर काढून घेतली.

'आत्ता चला.'

'अवो, वली हाय मी सगळी. चपला तरी नीट...'

'अशाच चला, वहिनी.'

त्या कुरकुरत जीपमध्ये बसल्या. दवाखान्यात त्या खुर्चीवर अवघडून बसल्या, कोपरापर्यंत साबणाचा पांढरा फेस वाळलेला. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय.

'आता बरं हाय,' वहिनी सवयीनं म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओला पदर मुठीत पिळला आणि म्हणाल्या, 'पन मगाशी न्हवतं.'