भाकरीवाल्या चंद्रव्वाचं घड्याळ

रोज सकाळी तलावाला दोन फेऱ्या मारून, घामाने निथळत मी घरी यायचे, तेव्हा माझ्या मनगटावरचं घड्याळ कसंबसं सहा हजार पावलं दाखवायचं. समोरच्या घरातली चंद्रव्वा तोपर्यंत उंबऱ्याबाहेरसुद्धा पडलेली नसायची. चुलीपुढे एक गुडघा उभा करून बसलेली असायची आणि तिच्या घड्याळात नऊ हजार झालेले असायचे. माणसाचं डोकं फिरेल की नाही?

चंद्रव्वा कडक भाकरी करते. पातळ, कागदासारखी, हातात घेतली की कुर्रकन मोडणारी. माहेर सीमेवरच्या दुधनीचं असल्यामुळे चिडली की कानडीत बोलते आणि खूश झाली तरी कानडीतच, त्यामुळे नुसत्या सुरावरून अंदाज बांधावा लागतो. नवरा, ईरप्पा, गेल्यावर तिने भाकऱ्या विकायला सुरुवात केली. सात रस्ता चौकाजवळच्या एका खानावळीचा माणूस मोटारसायकलवर येऊन गठ्ठे घेऊन जायचा. या भाकऱ्यांवरच तिचा मुलगा गुरुशांत शिकला आणि आता पुण्यात नोकरी करतो.

गेल्या उन्हाळ्यात चंद्रव्वाला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. गुरुशांतने लगेच घड्याळ आणलं आणि तिच्या फोनमार्फत स्वतःच्या फोनला जोडलं, म्हणजे आई किती चालली ते त्याला पुण्यात बसून दिसणार. जाताना बजावून गेला, "अव्वा, शुगर उतरली नाही तर चूल बंद. सरळ पुण्याला यायचं."

पुण्यात त्याचं घर चौथ्या मजल्यावर. तिथे चूल कुठली आणि हाक मारायला मी कुठली!

पण घड्याळाने कमालच केली. गुरुशांतचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "अव्वा, माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांना मागं टाकलंस तू!" चंद्रव्वा फोन ठेवून मला ऐकवायची, "बघा पोस्टाच्या बाई. लई राबतो आमी, पर आजवर कुणी मोजलं हुतं का? ह्ये घड्याळ मोजतंय." मी पोस्टातून निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली, पण तिच्या लेखी मी अजून पोस्टाचीच बाई आहे. मी वरवर हसायचे आणि दुसऱ्या दिवशी तलावाला एक फेरी जास्त मारायचे.

पावसाळा सरता सरता रिपोर्ट आला. शुगर उतरायची सोडून चढली होती. गुरुशांत घाबरला. "एवढं चालूनही चढतेय म्हणजे हे काम तुला झेपत नाही, अव्वा. दिवाळीनंतर परत तपासू. तेव्हाही असंच निघालं तर सामान बांध."

त्या दिवशी चंद्रव्वा कुठल्याच भाषेत बोलली नाही. मला फार वाईट वाटलं. तिच्या भाकरीशिवाय सकाळ ही कल्पनाच मला सोसेना. तिला तर चुलीशिवायची सकाळ मुळीच सोसणार नव्हती.

दोन दिवसांनी भाकरी घ्यायला गेले. ताजी हवी म्हणून चुलीशेजारी पाट घेऊन बसले. चंद्रव्वा काटवटीत भाकरी थापत होती. थाप, थाप, थाप, गर्रकन फिरव, पुन्हा थाप. एवढ्यात तिच्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि पडद्यावर रंगीत फटाके फुटले. आजचं उद्दिष्ट पूर्ण, म्हणे! बाई जागची हललेलीसुद्धा नव्हती.

"चंद्रव्वा, थांबा. परत थापा बघू."

तिने थापलं. आकडा पळायला लागला. तिने हात थांबवला, आकडा थांबला.

"अहो, हे तुमच्या भाकऱ्यांना पावलं समजतंय!"

ती हसेल असं मला वाटलं, पण तिचा चेहरा पडला. "म्हंजी मी चालल्येच न्हाय?" आणि लगेच, "पोराला खोटंच कळवीत हुतं व्हय ह्ये?" तिने पिठाच्या हातानेच पट्टा सोडला आणि घड्याळ खुंटीला अडकवलं.

दुसऱ्या दिवशी तिने खानावळीच्या माणसाला सांगून टाकलं, येऊ नकोस, भाकऱ्या मीच आणून देते. डोक्यावर गठ्ठा घेऊन, दोन्ही हातांनी धरून, ती सात रस्त्यापर्यंत चालत निघाली. मनगटावर पुन्हा घड्याळ चढवलं होतं. सोबत मी होते, कारण आता मला गप्प बसवेना. पोचल्यावर बघतो तर आकडा जेमतेम हललेला. हात वर धरलेले, ते हलणार कसे? बसलेली असताना शाबासकी देणारं घड्याळ ती चालायला लागली तेव्हा आंधळं झालं होतं. मी रस्त्यात उभी राहून त्या घड्याळाला मनसोक्त शिव्या घातल्या.

"कशाला ओरडताय?" चंद्रव्वा म्हणाली. "हात हालंना तर ऱ्हाऊ दे. पाय हालतोय की."

घरी येऊन आम्ही साडीचा काठ फाडून पट्टा लांब केला आणि घड्याळ तिच्या घोट्यावर, पैंजणाच्या वर बांधलं. चालायला लागण्याआधी बटण दाबायचं, घरी पोचल्यावर पुन्हा दाबायचं, हेही मी शिकवलं. पहिल्या दिवशी घरी आल्यावर ते दाबायला विसरली, तर घड्याळाने तिची दुपारची झोपसुद्धा चालण्यात धरली. ती नोंद तिने माझ्याकडून पुसून घेतली. "न्हाई केलं त्ये नगं."

आकडा निम्म्यावर आला. गुरुशांतचे काळजीचे फोन सुरू झाले. अव्वा, तब्येत बरी आहे ना? ती म्हणायची, रिपोर्ट येऊ दे. आम्ही दोघी रोज चालत होतो, जाताना तिच्या डोक्यावर गठ्ठा, येताना माझ्या तोंडी बडबड.

दिवाळीनंतर गुरुशांत स्वतः आला. रिपोर्ट हातात घेऊन दारातच उभा राहिला. शुगर चांगलीच उतरली होती. त्याने फोन काढला, पुन्हा रिपोर्ट बघितला. "अव्वा, चालणं निम्मं झालं आणि शुगर उतरली? घड्याळ कुठंय तुझं?"

चंद्रव्वाने साडी जराशी उचलून पाय पुढे केला. "हाताला हुतं तवा भाकऱ्या मोजीत हुतं, आता पावलं मोजतंय." आकडा नीट बघायला तो खाली वाकला.

"वाकलाच हायस तर पाया बी पड की," ती म्हणाली.

त्याला हसू आवरेना. हसतच पाया पडला, आणि उठायच्या ऐवजी तिथेच चुलीपुढे जमिनीवर बसला.

"चूल बंद करायची म्हनत हुतास न्हवं?" तिने विचारलं.

"भूक लागलीय, अव्वा," गुरुशांत म्हणाला.

तिने कानडीत काहीतरी म्हटलं आणि पिठाचा डबा ओढला. या खेपेला सूर ओळखायला मला काही कष्ट पडले नाहीत.