विहिरीच्या काठावरचा सूर

मला नीट लिहिता येत नाही. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मीच पहिला, आणि संगीतातलं तर मला काहीच कळत नाही. तरी अप्पांबद्दल लिहायला बसलोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

अप्पा आमच्या शेजारचे, साठीचे, कपाळावर भस्म. उमापूरच्या बाजूला आमचं गाव, तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचा पंप ते चालवायचे. दुष्काळात संस्थेची विहीर आटली, पंप बंद पडला, आणि अप्पा भजनातली सूरपेटी घेऊन काठावर बसू लागले. भाता हलवला की तिच्यातून एकच सूर निघतो. तो हळूहळू भरायचा, विरायचा, पुन्हा भरायचा. दिवसभर तेवढंच.

"अप्पा, गाणं कवा सुरू व्हायचं?" वरून गाळाची पाटी ओढणारा नामदेव चिडवायचा.

"हेच गाणं हाय बे. तुला कावून घाई? पाण्याला तरी हाय का?"

गाळ काढायला मी उतरायचो, कारण अंगानं मीच सगळ्यांत बारीक. साठ फूट खाली. नामदेवानं काठावर पाय बदलला तरी खडा पडेल म्हणून मी दचकायचो. हे कुणाला सांगितलं नव्हतं. अप्पांनी मात्र ओळखलं.

"भ्या वाटलं की सुराकडं ध्यान दे. त्यात काई घडत न्हाई. काई घडंना, हेच लई चांगलं."

खरंच होतं. खाली तो सूर कुठून येतो ते कळायचं नाही. जणू दगडच घुमायचे. हळूहळू माझा श्वास त्याच्या चालीनं चालू लागायचा.

एके दुपारी कड ढासळली. मी गुडघ्यापर्यंत गाडला गेलो. ओरडायला तोंड उघडलं तर धूळच आत गेली. वर नामदेव "अरे देवा, अरे देवा" करत होता. सूर थांबला नाही, जलदही झाला नाही. त्याच्या चालीनं मी एकेक पाय मोकळा केला, कमरेला दोर बांधला. वर आलो तेव्हा अप्पांचा शर्ट घामानं चिंब होता आणि ओठ पांढरे पडले होते.

"अप्पा, मी परत उतरणार न्हाई."

"नको उतरू. कालेजात जा. गाळाचं बघू आमी."

ते माझ्याकडे न बघता बोलले. मला वाटलं, रागावलेत. जूनमध्ये मी शहरात आलो. गावात त्या वर्षीही पाऊस झाला नाही.

उन्हाळ्यात शेवटचा पेपर देऊन घरी फोन केला. आई म्हणाली, "अप्पा गेले. तुजी परीक्षा व्हती म्हणून कळवलं न्हाई. तेरा दिस झाले."

"कशानं?"

"गाळाला कुणी उतरंना. मग तेच उतरले."