संपावर गेलेले विकर

माझ्या मामांइतका संपनिष्ठ माणूस अंबरनाथच्या साऱ्या कारखान्यांत दुसरा झाला नसेल. कंपनी बंद पडून वर्षे लोटली, तरी मामांच्या लेखी संप चालूच होता. तो मागे घेतल्याचे त्यांना कोणी कळवलेच नव्हते! बदलापुरात, बेलवलीच्या घरी, भाजीत मीठ कमी पडले की ते ताटावर बहिष्कार घालत आणि रविवारी जादा पाळीला निघालेल्या सख्ख्या मुलाला "फितूर" म्हणत.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींमधून स्रवणाऱ्या एंडोथेलियल लायपेज या विकरावर, म्हणजे एन्झाइमवर, मी तेव्हा संशोधन करत होते. हे विकर 'चांगल्या' कोलेस्टेरॉलचे कण मोडते. मामांच्या रक्तात नेमके तेच कोलेस्टेरॉल कमालीचे जास्त निघाले, तेव्हा मी म्हणाले, "कदाचित तुमचं हे विकर मंद असेल." मामांनी त्यातले 'कदाचित' तेवढे वगळले. "मंद कसलं? संपावर आहे पोरगं!" त्या दिवसापासून विकराला युनियनचे सभासदत्व मिळाले. उल्हासनगरला दाल-पकवानाच्या गाडीवर दुसरी प्लेट मागताना मामा छातीवर थाप मारत, "साईं, और एक दो. अपना आदमी अंदर बैठा है."

पुढे विठ्ठलवाडीचा पूल चढताना त्याच छातीत कळ येऊ लागली. डॉक्टरांनी अँजिओग्राफी करायला सांगितली. रक्तवाहिनीतून नळी आत जाणार हे कळताच मामा ताठ झाले. "संप चालू असताना फाटकातून परका माणूस आत सोडायचा नसतो!" मामी कपाळावर हात मारून स्वयंपाकघरात निघून गेली.

"मामा," मी म्हणाले, "चांगला माल नुसता साठला म्हणून तो उपयोगी पडतोच असं नाही. गोदाम भरलेलं आणि गाड्या उभ्या, असंही असतं."

 कंपनीच्या अखेरच्या दिवसांत फाटकाशी मालाच्या गाड्या मामांनीच अडवल्या होत्या. शेवटी ते म्हणाले, "सोमवारी जाऊ. मामीला सांग, संप मागे घेतला."

रविवारी पहाटे मामा झोपेतच गेले. आयुष्यात त्यांनी मागे घेतलेला तो एकच संप. पण वाटाघाटीला पलीकडे कोणी थांबले नव्हते.

प्रयोगशाळेत अजूनही एखाद्या दिवशी विकर काम करत नाही. मी शिस्तीने कारणे तपासते: तापमान, आम्लता, साठवण. सारे ठीक निघाले, की नळी उजेडात धरते आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणते, "पोरा, मामा नाहीत रे आता. ये कामावर."