पडद्याकडे पाठ करून बसणारा पंच

टेकाळे गुरुजी आमच्या कॉलेजात गेमच्या स्पर्धेला पंच म्हणून पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी आपली खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसले. एवढा मोठा पडदा, प्राचार्यांच्या विनवण्या करून मी मिळवलेला प्रोजेक्टर, आणि पंच महाशय ते सगळं सोडून खेळणाऱ्या पोरांच्या तोंडाकडे बघत बसलेले. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "गुरुजी, खेळ तिकडे आहे." मान न वळवता ते म्हणाले, "तिकडं चित्र हाय, बाई. खेळ हितं चालू हाय."

गुरुजी कंधारचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत खेळाचे मास्तर होते. नांदेड-लातूर भागात कबड्डीचा सामना असला की शिट्टी त्यांचीच, आणि ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात कॅनव्हासचे बूट. मी नांदेडला कॉम्प्युटर शिकवते. स्नेहसंमेलनात मोबाइल गेमची स्पर्धा घ्यायचं पोरांनी ठरवलं, तेव्हा आमचे प्राचार्य म्हणाले, "खेळ आहे ना? मग पंच लागणार. टेकाळेंना बोलवा." दोन्ही खेळांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे सांगायला मी केबिनमध्ये गेले होते, पण त्यांचा फोन वाजला आणि विषय तिथेच संपला.

मग मीच गुरुजींना खेळ समजावला. चार-चार जणांचे गट, आडोशाला लपायचं, समोरचा दिसला की गोळी घालायची, शेवटी उरेल तो गट जिंकला. गुरुजींनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "बाद झालेला गडी बसतो कुठं?"

मी म्हटलं, कुठेच नाही. तो तिथेच असतो आणि जिवंत असलेल्याच्या नजरेने पुढचा खेळ बघतो.

"म्हंजी मेल्यावरबी बघून राहिले? आन् जित्याला सांगून राहिले?"

गुरुजी चांगलेच हबकले. खरं तर ह्याच कारणावरून हॉस्टेलवर पोरांची रोज हमरीतुमरी चालायची, आणि माझ्यासकट एकालाही उपाय सुचलेला नव्हता. गुरुजींनी शिपायाला सतरंजी आणायला लावली आणि कोपऱ्यात अंथरली. बाद झालं की फोन पालथा ठेवायचा, सतरंजीवर जाऊन बसायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. पोरं फिदीफिदी हसली, पण बसली.

दुपारी चहा घेताना ते कबड्डीचं सांगत. "कधी कधी निस्तं नख लागतं, बाई. पंचाला दिसत न्हाई, बघणाऱ्याला दिसत न्हाई. पण ज्याला लागलं त्याच्या अंगाला कळतं. आमच्या वक्ताला गडी आपला आपण बाहेर जायचा. शिट्टीची वाट बघत न्हवता." सगळेच असे होते का, असं मी जरा खवचटपणे विचारलं. गुरुजी हसले. "सगळे कुठनं? काही निब्बर होते की. पण त्यांची नावं आजबी गावात ठाऊक हायेत."

मग मीही माझं सांगून टाकलं. लातूरला आमच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम होता. त्यात ठरावीक क्रमाने बटणं दाबली की तीन जिवांचे तीस जीव व्हायचे. असले कोड मी आणि माझा भाऊ एका वहीत उतरवून ठेवत असू, आणि गल्लीतली पोरं आमच्या घरी येऊन ते लिहून नेत. सगळ्यांत जास्त कोड माहीत असणारी म्हणून गल्लीत माझा काय रुबाब होता! गुरुजींनी विचारलं, "कुणाला फसवलं त्यात?" मी म्हटलं, कुणाला नाही, मशीनला. "मंग ती लबाडी न्हाई. तुम्ही कच्चा लिंबू होता. कच्च्या लिंबाला समदे मिळून सूट देतात. लबाड आपली सूट आपणच घेतो, आन् सांगत न्हाई."

इतक्या वर्षांत माझ्या त्या वहीचा असा निकाल कुणी दिला नव्हता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आताच्या पोरांचं तसं नाही. त्यांच्याकडे 'पॅनल' असतं. म्हणजे फोनमध्ये चोरून घातलेलं एक सॉफ्टवेअर, ज्याने भिंतीपलीकडे लपलेला माणूसही लाल रेघेत दिसतो. आम्ही कोड मिरवत होतो, ही पोरं पॅनल लपवतात, आणि पकडली गेली तरी त्यांना फारसं काही वाटत नाही. एकाने मला तोंडावर सांगितलं, "मॅडम, सगळेच वापरून राहिले. न वापरणारा येडा ठरतो." त्याच्या बोलण्यात गुर्मी नव्हती. घड्याळात किती वाजले ते सांगावं, तसं त्याने सांगितलं.

पहिल्याच वर्षी गुरुजींनी एका पोराला शिट्टी मारून उठवलं. त्याचा फोन मी उघडला, तर आत पॅनल. मी थक्क झाले. पडद्याकडे न बघता ह्या माणसाला कळलं कसं? गुरुजी म्हणाले, "पाठीमागून गडी आला की बघणारे वरडतात, आन् मानूस दचकतो. खांदा उडतो, डोळा मिटतो. हे पोरगं दचकलंच न्हाई. ज्याला ठाऊक हाय कोण येऊन राहिलं, तो दचकंल कशाला?" दुसऱ्या वर्षी आणखी एक तसाच सापडला. त्यानंतर पोरं त्यांना वचकून राहू लागली. टेकाळे गुरुजी चुकत नाहीत, असं कॉलेजात बोललं जाऊ लागलं, आणि बोलणाऱ्यांत मी पुढे होते.

तिसऱ्या वर्षी अंतिम फेरीत एकच मुलगी होती. पल्लवी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, नायगावची. अंगाने बारकी, बोलायला कमी, आणि खेळायला अशी की पोरं तिच्या गटात येण्यासाठी भांडायची. सामना रंगात आला होता. तिच्या पाठीमागून दोघांनी एकदम हल्ला केला, सभागृहात आरडाओरडा झाला, आणि पल्लवीने शांतपणे वळून दोघांनाही टिपलं. खांदा नाही उडाला, पापणी नाही लवली. गुरुजींची शिट्टी वाजली.

"पोरी, बाद. सतरंजीवर बस."

ती उभी राहिली. "गुरुजी, मी काहीच केलं नाही. माझा फोन बघा."

फोन तपासणं माझं काम होतं. मी तपासला नाही. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे घड्याळ बघत होते, प्राचार्य मला डोळ्यांनी खुणावत होते, आणि गुरुजी तर चुकत नव्हतेच. मी पल्लवीच्या खांद्यावर हात ठेवून तिला सतरंजीपर्यंत नेलं. आज आठवलं तरी माझी मला लाज वाटते.

चार दिवसांत तिचं नाव 'पॅनलवाली' पडलं. पाचव्या दिवशी ते नायगावला पोचलं. तिचे वडील तहसील कचेरीत कारकून, सरळ मार्गाचा माणूस. त्यांचा मला फोन आला. "मॅडम, पोरगी शिकायला ठेवली होती. ती गेम खेळती, आन् तोबी चोरीचा. मी तिचं नाव काढून घेतो." दुसऱ्या दिवशी पल्लवी दाखला मागायला ऑफिसात आली. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, आण बाई तो फोन.

तासभर सगळं खालीवर करून बघितलं. फोन स्वच्छ होता.

"मग तू दचकली का नाहीस गं?"

ती म्हणाली, "मॅडम, घरी मी फोन जीवशास्त्राच्या जाड पुस्तकात ठेवून खेळायची. आवाज बंद करून. समोरच पप्पा पेपर वाचत बसायचे. दचकले असते तर पुस्तक हललं असतं. मला दचकायची सवयच राहिली नाही." आणि लगेच माझा हात धरला. "हे पप्पांना सांगू नका. बारावीचं पूर्ण वर्ष मी तसंच काढलंय. कळलं तर ते मला परत कधीच पाठवणार नाहीत."

मी गुरुजींना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोरींच्या कबड्डीला मी कधी पंच न्हवतो, बाई. चाळीस वर्सं निस्ती पोरांचीच तोंडं वाचली." आणि मग, "उद्या नायगावला जाऊ. तुम्ही संगं या."

पल्लवीच्या वडिलांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. पल्लवी आतल्या दाराशी उभी. गुरुजी सरळ म्हणाले, "साहेब, मी चुकलो. तुमच्या पोरीचा काही कसूर न्हाई. फोन साफ हाय, ह्या मॅडमनी बघितला."

वडील वाईट माणूस नव्हते, पण कचेरीतले होते. त्यांना कारण हवं होतं. "गुरुजी, तुमचं नाव मी ऐकून आहे. लोक म्हणतात तुम्ही चुकत नाही. मग कसं चुकलात तेवढं सांगा. मला चार माणसांत सांगता आलं पाहिजे."

खरं कारण सांगावं तर पोरगी गेली, न सांगावं तर संशय राहिला. दारातून पल्लवी माझ्याकडे बघत होती. गुरुजींनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"डोळ्याला कमी दिसतं, साहेब. मोतीबिंदू पिकलाय. मी कुणाला सांगितलं न्हाई, शिट्टीचा मोह सुटंना. दोन हातावरचं मानूस मला धुरकट दिसतं, आन् मी तुमच्या पोरीचं तोंड वाचाया गेलो. पंचानं कवाच थांबाया पायजे होतं."

वडिलांचा चेहरा सैल पडला. "अहो, वयोमानाने होतंच," असं म्हणून उलट त्यांनीच गुरुजींची समजूत घातली. चहा झाला. निघताना म्हणाले, "सोमवारी आणून सोडतो पोरीला." पल्लवी आत निघून गेली. आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

वडिलांनी म्हटल्याप्रमाणे चार माणसांत सांगितलं. त्या चौघांनी आणखी चौघांना सांगितलं. टेकाळे मास्तरांचे डोळे गेले, ही बातमी नायगावहून नांदेडला आणि तिथून कंधारला पोचली. कॉलेजने पंच बदलला. कबड्डीवाल्यांनीही त्या हिवाळ्यात त्यांना बोलावलं नाही, पुढच्याही नाही. गुरुजींनी कुणालाच काही सांगितलं नाही. कंधारला मैदानावर जात, पण दोरीच्या बाहेर, लोकांत उभे राहत. दोन वर्षांनी ते गेले. त्यानंतर पल्लवीने वडिलांना पुस्तकाचं आपणहून सांगितलं, म्हणून मला हे लिहिता येतंय.

नायगावला त्या दिवशी आम्ही बस स्टँडवर बसलो होतो. मला राहवेना. मी विचारलं, "गुरुजी, डोळ्यांचं खरं आहे का हो?" ते रस्त्याकडे बघत होते. दूर वळणावर एक लाल ठिपका दिसायला लागला. मी चष्मा पुसून लावला, तरी तो ठिपकाच होता.

"उठा, बाई," गुरुजी पिशवी उचलत म्हणाले. "देगलूर-नांदेड हाय."

बस फाटकात शिरली, तेव्हा कुठे मला पाटी वाचता आली. देगलूर-नांदेडच होती.