आप्पांसाठी आणलेलं शहाळं

अंगात येणं, दृष्ट लागणं... हे सगळं खोटं, असा मी कॉलेजात वाद घालायचो, आजही घालतो. तरी हे लिहितोय.

सुरतेतल्या चौऱ्याण्णवच्या प्लेगला दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही खानदेशातले, राहायला सुरतेत, उधना भागात. माझे काका, आप्पा, कापडाच्या लूमवर काम करायचे. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी झालो तो त्यांच्यामुळेच. बीपीने त्यांच्या किडन्या गेल्या, मग हृदयही वाढलं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. पाणी मोजून. श्वासाला मुतारीसारखा वास यायचा. जवळ बसलं की मला मळमळायचं आणि त्याची लाजही वाटायची.

त्या दुपारी हॉस्पिटलात आप्पांना फार अशक्तपणा होता. सकाळीच रक्त तपासायला दिलं होतं. आजाऱ्याला शहाळं न्यायचं, ही आमची रीतच. गेटसमोरून ताजं फोडून आणलं. द्यायच्या आधी एक घोट चाखला.

कोमट. खारट. दाट... जीभ चावल्यावर येते तशी रक्ताची चव, आणि मागून आप्पांच्या श्वासाचा तोच वास. मी बेसिनमध्ये ओकलो. पडलं ते मात्र स्वच्छ पाणी!

काकीने चाखलं. "पानी ते गोड से रे! शिकेल से म्हनीसन नखरा करस का?" शिकलेला म्हणून मी नखरे करतोय, असं तिला वाटलं.

दुसरं आणलं. तेच. या वेळी दातांवर बुळबुळीत साय चढल्यासारखं वाटलं.

"दे ना रे भाऊ," आप्पा हात पुढे करून म्हणाले, "घसा सुकी गया."

ज्यांनी मला शिकवलं, त्यांना मी पाणी नाकारत होतो. "नाही आप्पा," म्हणालो आणि शहाळं काकीच्या हातात दिलं. तिने रागारागाने सगळं पिऊन टाकलं.

तेवढ्यात रिपोर्ट घेऊन डॉक्टर धावत आले. काकीच्या हातातलं रिकामं शहाळं पाहून म्हणाले, "नारियल पानी तो नहीं पिलाया ना?"

"नहीं."

"पोटॅशियम बहुत बढ़ा हुआ है. पिलाते तो हार्ट वहीं रुक जाता."

लगेच डायलिसिसला नेलं. आप्पा वाचले, पुढे वर्षभर जगले.

मी कॉमर्सचा. नारळपाण्यात पोटॅशियम असतं आणि किडन्या गेल्या की ते रक्तात साठतं, हे तोवर कुणी मला सांगितलं नव्हतं. मित्र म्हणतात, कुठेतरी वाचलं असशील. वाचलं असतं तर आणायला गेलो असतो का? आणि तेही दोनदा? आप्पा मला "तू होतास म्हणून वाचलो" म्हणायचे, तेव्हा मान वर होत नसे. ते विष तर मीच आणलं होतं, मायेने. माझ्या तोंडात ती घाण कुणी कालवली, ते मला आजही सांगता येत नाही.