सिंगल की मल्टिपल?

सौदीतल्या अल-खोबरमध्ये मी अकरा वर्षं असा एक खेळ खेळलो, जो गावी कुणाला सांगून पटत नाही. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू लाथेने मारायचा नाहीतर मुठीने ढकलायचा, फेकला तर गुन्हा. कंपनीतल्या ऑस्ट्रेलियन इंजिनिअरांनी संघ काढला आणि माणसं कमी पडली, म्हणून मला ओढलं. दापोलीत टेनिस बॉलवर क्रिकेट खेळून माझा झेल पक्का झालेला. इथे लाथेने आलेला चेंडू हवेत झेलला की खेळ थांबतो, झेलणाऱ्याला कुणी हात लावत नाही. नोकरीत ही चैन कुठली?

सामने बहरीनला, समुद्रावरच्या पुलापलीकडे. ऑस्ट्रेलियनांचे व्हिसा मल्टिपल, ते बाजारात गेल्यासारखे जाऊन यायचे. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही तिथे राहायचो तो सौदी मालक, त्याच्या परवानगीशिवाय आम्हाला देशाबाहेर पडता यायचं नाही, आणि तो द्यायचा ती सिंगल एक्झिट-रिएन्ट्री. एकदा बाहेर, एकदा आत, खलास.

त्या वर्षी अब्बांची तब्येत ढासळत होती, म्हणून गावी जायला ईदच्या सुट्टीआधीच मी सिंगल काढून ठेवली होती. आणि फायनल आली. कप्तानाचा पाय दुखावला होता. "तू नसलास तर हरलो," तो म्हणाला. मला ते ऐकायला फार आवडलं, खोटं कशाला बोलू? परत आल्यावर दुसरी काढू, असं ठरवून मी गेलो. सात झेल घेतले, आम्ही जिंकलो, आणि परतताना पुलावरच्या खिडकीत शिक्का बसून माझा व्हिसा संपला. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला तो असा.

तिसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. "अब्बा दाराकडे बघत पडलेत. कधी निघतोस?"

नवा व्हिसा कफीलच्या खात्यातूनच निघायचा. तो ईदसाठी ताइफच्या थंड हवेत, फोन बंद. कंपनीची सरकारी कामं करणारा मन्दूब म्हणाला, "ईद के बाद, भाई. अभी तो बाहर होके आया ना तू?" मला त्याचा गळा धरावासा वाटला. पण तो चूक काय बोलला होता? दोन दिवस मी भरलेल्या बॅगेशेजारी बसून राहिलो. पासपोर्ट खिशात होता. इतकं कोंडल्यासारखं मला कधी झालं नाही.

मग भाऊच फोनवर म्हणाला, "अब्बा गेले. जोहरच्या नमाजनंतर मय्यत उचलतो. थांबता येणार नाही रे." आमच्यात दफन लांबवत नाहीत. व्हिसा दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

पुढे गुडघा गेला आणि मला कोच केलं. डावपेच ऑस्ट्रेलियनांनाच जास्त कळतात, मी ओरडतो. नियम मात्र माझा एकच. बहरीनला निघण्याआधी आपल्याकडच्या प्रत्येकाला विचारतो, सिंगल की मल्टिपल? सिंगल असेल तर तो पूल ओलांडत नाही.

गेल्या महिन्यात चिपळूणचा आमचा सर्वांत चांगला खेळाडू भांडायला आला. "सर, घरी सगळे बरे आहेत."

"आई आहे?"

"आहे."

"मग राहा इथेच."

त्याच्याशिवाय आम्ही सपाटून हरलो. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही.

माझ्याकडे आता मल्टिपल आहे. वर्षभर केव्हाही निघता येतं. अम्मीही गेली, आता घाईने निघावं असं तिकडे कुणी राहिलेलं नाही.