तिसरा साक्षीदार

सुखदेव कुठंही उभा राहिला की आधी मान फिरवून तीन वस्तू हेरायचा. एखादा निंब, विहिरीचा काठ, देवळाचा ओटा. मग तिन्हींपासून साखळीनं अंतर मोजून ते पुटपुटत पाठ करायचा. मी मूर्तिजापूरला विजेच्या लाइनीच्या सर्व्हेवर नवा इंजिनिअर, पुण्याहून आलेला, नोकरी अजून कच्ची. तो माझा साखळीवाला, वयानं माझ्या वडिलांएवढा. मी आपला त्याला खुशाल अरे-तुरे करायचो!

"खांबाच्या जागी खुंटी ठोकली ना? मग हे कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"खुटीचा काय भरोसा, सायेब? तीन साक्षीदार पायजे."

"दोन पुरत नाहीत?"

"दोघाइच्यानं जागा दोन निघते. खरी कोनती, ते तिसरा सांगते."

त्याचे वडील गावकीच्या कामात होते. धुऱ्यावरून भांडण लागलं की जुनी हद्द त्यांनीच दाखवायची. छप्पन साली घर बौद्ध झालं, गावकी सुटली, पण जागा ध्यानात ठेवायची खोड सुखदेवनं सोडली नाही. हे ऐकूनही मी त्याची मापं वहीत उतरवली नाहीत. खुंट्या होत्या ना! शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे होता.

मे संपत आला. उद्या मोठे साहेब खांबांची जागा पाहायला येणार, मागोमाग खड्डे खणणारी टोळी. म्हणून सकाळीच आम्ही वावरात गेलो, तर दोन मैलांत एकही खुंटी जागेवर नाही! सगळीकडे वखर फिरलेला. निंबाखाली मात्र खुंट्यांची सुरेख मोळी बांधून ठेवलेली, आणि शेजारी त्या सगळ्या वावरांचे मालक महादेवराव हसतमुख उभे.

"वखराले अटकून राहिल्या होत्या जी. सरकारी माल, म्हनून सांभाळून ठेवल्या. ह्या कोपऱ्यातली एक तेवढी तुटली."

मला रडावं की हसावं कळेना. पुन्हा सर्व्हे म्हणजे पंधरा दिवस, पाऊस तोंडावर, आणि माझी नोकरी गेल्यातच जमा. मी सरळ धुऱ्यावर बसलो.

"काहून बसले? उठा, साखळी धरा," सुखदेव म्हणाला. तो डोळे मिटून आकडे सांगायचा, मग आम्ही दोघं मोजायचो, खुंटी ठोकायचो. दुपारी कोपऱ्यात आलो. त्यानं सांगितलेल्या जागी मी माती उकरली. वीतभर खाली मोडक्या खुंटीचं बूड हाताला लागलं.

"सुखदेवराव!" माझ्या तोंडून निघालं. त्यानंतर मी त्यांना कधीच अरे म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पाठ थोपटली, तेव्हा खरं काय घडलं ते मी सांगून टाकलं. शिव्या पोटभर खाल्ल्या, पण नोकरी राहिली. पुढं ती पक्कीही झाली आणि माझी बदली आली. स्टेशनावर सुखदेवरावांनी पत्ता दिला तो त्यांच्या पद्धतीनं. "टेसनाच्या टाकीपासून नऊ साखळ्या, विहारापासून पाच, मोठ्या निंबापासून तीन. तिथं माह्यं घर. तुमाले याच लागते."

आता म्हणे खांबाची जागा आकाशातल्या उपग्रहांना विचारतात, आणि तिथंही एकट्यादुकट्याची साक्ष चालत नाही. हे ऐकलं की मला हटकून ती टाकी आठवते.

कारण बदलीनंतर चार वर्षांनी मी त्या पत्त्यावर गेलो. टाकी होती, विहार होता, निंब तोडलेला. दोघांच्या साक्षीनं जागा दोन निघाल्या; पावलं मोजत मोजत त्यातल्या एकीवर पोचलो, तर समोर दावणीची म्हैस! ती माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. एवढ्यात बोळाच्या पलीकडून ओळखीचा आवाज आला, "चुकले ना, सायेब? इकडं या!"

तिथल्या दारात पांढऱ्या मिशा, तीच ताठ मान. मी बोळ ओलांडून पुढं झालो.

"काय करू, सुखदेवराव? तुमचा तिसरा साक्षीदारच पाडला की हो!"

ते दारातून हलले नाहीत, नुसते हसले.

"कुठं पाडला? मी हाओ ना जी!"